प्रेक्षकाची श्रद्धा



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी आम्ही क्रिकेटविषयी बोलू लागलो, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु आमचा विषय खेळाचा नसून साक्षीचा आहे.

परदेशी क्रीडांगणांत प्रेक्षकांनी बायबलमधील वचनाचा फलक उंचावण्याची एक रीत आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत रोलन स्ट्यूअर्ट नामक गृहस्थ रंगीबेरंगी केसांचा टोप घालून मोठमोठ्या सामन्यांस जाई, व कॅमेऱ्यासमोर 'योहान ३:१६' एवढीच अक्षरे झळकवी. ईश्वराच्या अपार प्रीतीचे ते वचन अशा रीतीने असंख्य घरांत पोहोचले. परंतु तोच मनुष्य १९९२ साली लॉस एंजेलिस येथील एका हॉटेलात ओलीस धरून बसला आणि पुढे जन्मठेपेस पात्र झाला. त्याचा निवाडा आम्ही करीत नाही. फलक धरणे सोपे असते, एवढाच बोध आम्ही घेतो.

आता आपल्याच ठाणे जिल्ह्यातील प्रसंग पाहा. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर, महिला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, जेमिमा रॉड्रिग्ज हिने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा केल्या व भारताने ३३९ धावांचे लक्ष्य गाठले. तिने प्रभू येशूचे आभार मानले. परंतु या दिवसांत आपण जवळजवळ रोज रडत होतो, हेही सांगितले. स्वतःचे दौर्बल्य झाकून तिने श्रद्धा मिरविली नाही.

त्या रात्री दूरचित्रवाणीपुढे बसलेले आपणही प्रेक्षकच होतो. कित्येकांनी क्रूसाची खूण केली असेल. त्यात वावगे काही नाही. मात्र ऑस्ट्रेलियाच्या बाजूनेही कोणी प्रार्थना केली नसेल काय? देव कोणा एका संघाचा कैवारी नव्हे. त्याच्यापाशी विजयापेक्षा जय व पराजय दोन्ही पेलण्याचे बळ मागावे.

दिवा मापाखाली झाकू नका, असे प्रभूने सांगितले. लोकांनी पाहावे म्हणून प्रार्थना करू नका, असेही बजावले. या दोहोंचा मेळ भिवंडीत कसा घालावा? येथे यंत्रमागांच्या खडखडाटात आपण हिंदू व मुसलमान शेजाऱ्यांसमवेत राहतो. त्यांतील बहुतेक आपले शुभवर्तमान उघडून पाहणार नाहीत. परंतु आपल्या हाताखालच्या मजुराला मजुरी वेळेवर मिळते की नाही, शेजारच्या आजाऱ्यासाठी मध्यरात्री आपले दार उघडते की नाही, हे ते रोज पाहतात.

जेथे कॅमेरा नाही तेथेही आपली साक्ष खरी ठरो, अशी कृपा प्रभू आपणां सर्वांस देवो. आमेन.