खगोलाचें पहिलें पुस्तक



मुलाला ताऱ्यांचा नाद लागला, पुस्तक कोणतें घ्यावें, असें आपण आम्हांस विचारतां. पैसा घामाचा आहे, पारखून घ्या.

पहिली पारख ध्रुवाची. नाशिकचे अक्षांश सुमारें २०. म्हणून येथें ध्रुव क्षितिजापासून २० अंश, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठी वर दिसतो. लंडनला तो पांच मुठी वर. तिकडचे नकाशे येथें जुळत नाहींत. आपल्या अक्षांशांचे, महिनेवार नकाशे असलेलेंच पुस्तक घ्या.

दुसरी पारख मृगाची. जूनमध्यें मृग लागतो, तेव्हां सूर्यच त्या नक्षत्रांत असतो. त्याचे तारे रात्रीं दिसतात ते हिंवाळ्यांत. असें कां, हें समजावील तें पुस्तक खरें. राशीवरून मुलाचें भविष्य सांगेल, तें खालीं ठेवा.

शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) शिक्षकच होते. त्यांचें ‘ज्योतिर्विलास’ गोडीसाठीं वाचावें. पण पुढें ज्ञान फार वाढलें, म्हणून जयंत नारळीकरांचें ‘आकाशाशी जडले नाते’ही जोडीला असावें.

दुर्बीण मागाहून. आधीं पान पाहा, दिवा मालवा, अंगणांत या. आणि मुलीलाही हांक मारा.