घड्याळ वाजलं, पण दार कोण उघडणार?

आजचा विषय घरातला आहे. ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण पहिल्या किंवा दुसऱ्या नोकरीत असतील. कुणी पुण्यात, कुणी बंगळुरूला, कुणी थेट न्यू जर्सीत. आणि आई-बाबा किंवा आजी-आजोबा साताऱ्याला, नांदेडला, चिपळूणला. दिवाळी येते, बोनस जमा होतो आणि आपण काय करतो? बाबांसाठी एक स्मार्टवॉच ऑर्डर करतो. बॉक्स घरी पोचला की आपल्याला वाटतं, चला, एक काळजी मिटली.

मिटत नाही. का मिटत नाही आणि मिटवायची असेल तर काय करावं लागतं, ते आज बोलू. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरमध्ये काम करते. त्यामुळे औषधपाण्याचं सांगणार नाही. यंत्र काय करतं, काय करत नाही आणि साखळी नेमकी कुठे तुटते, एवढंच सांगते.

विषय छोटा नाहीये. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठीच्या पुढची माणसं दहा कोटींच्या वर होती. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. यातल्या कितीतरी घरांमध्ये दोघंच राहतात, किंवा एकटंच कुणीतरी.

पडणं आणि पडून राहणं

सुरुवात पडण्यापासून करू. जागतिक आरोग्य संघटना सांगते की अपघाती दुखापतींनी होणाऱ्या मृत्यूंमध्ये पडणं हे जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं कारण आहे, आणि त्यात सगळ्यात जास्त माणसं साठीच्या पुढची असतात.

पण पडण्याइतकंच वाईट असतं ते पडून राहणं. केंब्रिजमध्ये नव्वदीच्या पुढच्या ११० लोकांवर वर्षभर लक्ष ठेवून एक अभ्यास झाला होता, तो २००८ मध्ये बीएमजेमध्ये छापून आला. वर्षभरात त्यातले ६६ जण पडले. त्यातल्या ५३ जणांना निदान एकदा तरी आपलं आपण उठता आलं नाही. २० जण तासभर किंवा त्याहून जास्त वेळ जमिनीवर पडून होते. आणि आता खरी गोष्ट ऐका. मदतीसाठी दाबायची बटणं बऱ्याच जणांकडे होती. तरीही जे खूप वेळ पडून राहिले, त्यातल्या बहुतेकांनी ती वापरलीच नाहीत.

का वापरली नसतील? आपल्या घरातली माणसं आठवा. "उगाच कुणाला कशाला त्रास? उठेन की जरा वेळाने." हे वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक आजीला पाठ आहे.

म्हणून आपोआप पडणं ओळखणारं घड्याळ महत्त्वाचं. ॲपलने २०१८ मध्ये सिरीज ४ मध्ये ही सोय आणली, आता इतरही काही कंपन्यांच्या घड्याळांत ती आहे. आत ॲक्सेलरोमीटर आणि जायरोस्कोप असतात. हाताला अचानक झटका बसला, मग आपटल्याचा धक्का आला आणि त्यानंतर हालचाल थांबली, असा क्रम दिसला की घड्याळ विचारतं, "ठीक आहात का?" ॲपलच्या घड्याळात मिनिटभर हालचाल नसेल तर काउंटडाऊन सुरू होतो, आपत्कालीन नंबरला फोन जातो आणि घरच्यांना लोकेशनसकट मेसेज.

इथे एक सेटिंग लक्षात ठेवा. वय ५५ किंवा जास्त भरलेलं असेल तरच ॲपलमध्ये ही सोय आपोआप चालू होते. तुम्ही घाईत स्वतःची जन्मतारीख टाकून घड्याळ सेट करून दिलंत, तर ती बंद राहू शकते. आज रात्री फोन करून तपासा.

आणि हे यंत्र चुकतं, दोन्ही बाजूंनी. आमच्याकडे बाबांनी देवापुढे नारळ फोडला आणि घड्याळाने विचारलं, "पडलात का?" ही चूक चालते, हसून सोडून देता येते. दुसरी चूक महाग पडते. म्हातारं माणूस दर वेळी धाडकन पडत नाही. भिंतीला धरून हळूहळू खाली सरकतं, खुर्चीवरून घसरतं. धक्काच बसला नाही तर घड्याळाला कळणार कसं?

चार जागा जिथे साखळी तुटते

आमच्या कामात एक सवय असते. सिस्टीम चालते का, यापेक्षा ती कुठे मोडेल, हे आधी विचारायचं. तेच घरात करून बघू.

पहिली जागा चार्जिंग. बहुतेक लोक घड्याळ रात्री काढून चार्जिंगला लावतात. आणि पडायची भीती कधी असते? रात्री अंधारात बाथरूमला उठताना. काही जण आंघोळीच्या वेळी काढतात. आणि घरात निसरडी जागा कुठली? बाथरूमच! म्हणजे धोक्याच्या दोन्ही वेळांना घड्याळ टेबलावर. उपाय सोपा आहे. सकाळी चहा आणि पेपरच्या वेळी किंवा संध्याकाळी मालिका बघताना चार्जिंग. माणूस तेव्हा बसलेलं असतं. पाण्यात चालणारं घड्याळ घ्या आणि ते आंघोळीला काढायचं नाही, असं ठरवून टाका.

दुसरी जागा फोन. ज्या घड्याळात स्वतःचं सिमकार्ड नाही, ते ब्लूटूथवर फोनला बांधलेलं असतं. फोन हॉलमध्ये टीव्हीशेजारी आणि आई मागच्या अंगणात तुळशीपाशी असेल, तर मध्ये दोन भिंती आल्या की संपर्क तुटू शकतो. घर मोठं असेल, वाडा असेल, शेतावर जाणं असेल तर एलटीईवालं घड्याळ बघा, किंवा फोन खिशात ठेवायची सवय लावा. आईच्या गाऊनला खिसा शिवून घेणं हा माझ्या मते या वर्षातला सगळ्यात उत्तम हार्डवेअर अपग्रेड आहे.

तिसरी जागा तुम्ही. आपत्कालीन संपर्कात पहिलं नाव कुणाचं? मुलाचं, आणि तो न्यू जर्सीत. इकडे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा तो मीटिंगमध्ये, आणि इकडे दुपार असते तेव्हा तो झोपलेला, फोन डू नॉट डिस्टर्बवर. आयफोनमध्ये एखाद्या नंबरला इमर्जन्सी बायपास देता येतो. अँड्रॉइडमध्ये स्टार केलेल्या नंबरांना डू नॉट डिस्टर्बमधून सूट देता येते. ते कराच. पण पहिलं नाव शेजाऱ्यांचं ठेवा. पाच मिनिटांत चपला घालून पोचेल, असं माणूस हवं. तुमचं नाव दुसरं किंवा तिसरं असलं तरी प्रेम कमी होत नाही.

चौथी जागा दार. ही कुठल्याही ॲपमध्ये दिसत नाही. समजा घड्याळाने ओळखलं, मेसेज गेला, शेजारचे काका किल्ली घेऊन धावत आले. आणि दाराला आतून कडी! आपल्याकडे रात्री कडी, वर बोल्ट, कुठे कुठे आडणासुद्धा. आता काका काय करणार? बाहेरून किल्लीने उघडेल असं लॅच बसवा, रात्री तेवढंच लावायचं, आणि एक किल्ली शेजारी द्या. सुताराचं एका दुपारचं काम आहे. हजारो रुपयांच्या घड्याळाचा सगळा उपयोग त्या एका कडीवर अडकलेला असतो.

आकड्यांवर किती विश्वास?

आता आरोग्याचे आकडे. घड्याळाच्या पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त कमी-जास्त होतं आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून ठोके मोजले जातात. ठोके मोजायला हे बऱ्यापैकी चांगलं आहे.

ठोके अनियमित आहेत का, हेही काही घड्याळं बघतात. एट्रियल फिब्रिलेशन नावाचा प्रकार असतो, त्यात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो, आणि बऱ्याचदा माणसाला काही जाणवतच नाही. स्टॅनफर्डने ॲपलबरोबर चार लाखांहून जास्त लोकांवर अभ्यास केला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सूचना आली फक्त ०.५२ टक्के लोकांना, पण पासष्टीच्या पुढच्यांमध्ये तीन टक्क्यांच्या थोडं वर. सूचना आलेल्यांना छातीवर लावायची ईसीजी पट्टी पाठवली गेली. ज्या ४५० जणांनी ती लावून परत केली, त्यातल्या ३४ टक्क्यांमध्ये हा त्रास त्या पट्टीवर दिसला. हा त्रास येतो-जातो, म्हणून बाकीच्यांची सूचना खोटीच होती असंही नाही. थोडक्यात, सूचना आली तर घाबरू नका, पण डॉक्टरांना दाखवा.

आता उलटी बाजू, आणि ही पाठ करा. घड्याळाला हार्ट अटॅक कळत नाही. हॉस्पिटलमधला ईसीजी बारा लीडचा असतो, घड्याळाचा एकाच लीडचा. छातीत दुखतंय, घाम फुटलाय, आणि घड्याळ "सगळं नॉर्मल" म्हणतंय, म्हणून थांबायचं नाही. महाराष्ट्रात १०८ ला फोन, लगेच.

रक्तदाबाचं काय? सॅमसंगच्या ज्या घड्याळांत ती सोय आहे, तीसुद्धा दंडाला पट्टा बांधून मोजणाऱ्या मशीनशी दर २८ दिवसांनी जुळवून घ्यावी लागतात. मग पट्टा नाही, जुळवणी नाही, तरीही १२०/८० दाखवणारं स्वस्त घड्याळ नक्की काय मोजतंय, विचार करा.

आणि शुगर! सुई न टोचता शुगर दाखवणारी घड्याळं ऑनलाइन धडाक्यात विकली जातात. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं की स्वतःहून रक्तातली साखर मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. हा प्रश्न नुसता पैसे वाया जाण्याचा नाही. आजोबा मनगटावरचा आकडा बघून इन्सुलिन कमी-जास्त करायला लागले तर जिवावर बेतेल. असं घड्याळ घरात आलं असेल तर आजच बाजूला ठेवा.

घड्याळ नसेल तर?

घड्याळ नसलं तरी बरंच काही होतं. २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये पॅनिक बटणाची सोय असावी, असा नियम आहे. साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं, स्मार्टफोनवर पॉवर बटण तीनदा पटापट. फोन ११२ ला जातो. नव्या अँड्रॉइडवर पाचदा दाबून एसओएस चालू होतं. तुमच्या घरच्या मॉडेलवर नेमकं काय आहे ते सेटिंगमध्ये बघून घ्या. लॉक स्क्रीनवर रक्तगट, औषधं, ॲलर्जी आणि दोन नंबर भरून ठेवा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइनही आहे. ती ॲम्ब्युलन्ससाठी नाही, पण पेन्शन, कायदा, छळ, एकटेपणा यासाठी तिथे बोलता येतं.

आणि आता माझी आवडती युक्ती. सर्व्हरच्या जगात हार्टबीट नावाचा प्रकार असतो. सर्व्हर दर थोड्या वेळाने "मी आहे" एवढंच सांगतो. तो काही बोलला म्हणून अलार्म वाजत नाही, बोलायचा थांबला की वाजतो. मंडळी, आपल्याकडे हा सिग्नल रोज येतोय! सकाळी सहा वाजता, गुलाबाच्या फुलासकट, "शुभ सकाळ". आणि आपण तो ग्रुप म्यूट करून ठेवलाय. तो अनम्यूट करा. ठरवून टाका, आठपर्यंत गुलाब आला नाही तर फोन. फोन उचलला नाही तर शेजारी. शून्य रुपये खर्च, आणि पडून धक्का बसला नाही तरी चालतं.

विचारलं का त्यांना?

शेवटचा मुद्दा तंत्रज्ञानाचा नाही. मी बाबांना लोकेशन शेअर करायला सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मी काय पॅरोलवर सुटलोय का?" हसू आलं, पण त्यांचं बरोबर होतं. चाळीस वर्षं घर चालवलेल्या माणसाला रोज संध्याकाळी "आज दोन हजारच पावलं?" असं विचारलं तर तो घड्याळ ड्रॉवरमध्ये टाकणार. आणि ड्रॉवरमधलं घड्याळ कुणालाच वाचवत नाही.

आम्ही मग बसून ठरवलं. पडल्याची आणि ठोक्यांची सूचना मला येईल. लोकेशन फक्त ते प्रवासाला निघाले की चालू. पावलं, झोप वगैरे मी बघायची नाही. आणि माझं लोकेशन त्यांनाही दिसेल. ही शेवटची अट त्यांनी घातली. आता मी ऑफिसातून उशिरा निघाले की मलाच फोन येतो, "अजून तिथेच का गं?"

तर या रविवारी एक काम करा. घरी असाल तर उत्तम, नसाल तर व्हिडिओ कॉलवर. ११२ चा आपोआप कॉल तेवढ्यापुरता बंद करा आणि एक रंगीत तालीम घ्या. आईला जमिनीवर बसवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि सांगा, आता मदत बोलाव. मेसेज गेला का? काकांचा फोन वाजला का? किल्ली लागली का? दार उघडेपर्यंत किती मिनिटं गेली, ते घड्याळ लावून मोजा. तालीम झाली की ११२ चं सेटिंग परत चालू करायला विसरू नका. आणि धावत आलेल्या काकांना चहा पाजल्याशिवाय सोडू नका, कारण या सगळ्या सिस्टीममधला सगळ्यात भरवशाचा भाग तेच आहेत.

तुमच्याकडे दार उघडायला किती मिनिटं लागली, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या, आणि तो ग्रुप अनम्यूट करा!