मनाचे आरोग्य आणि आपली सोसायटी
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



मला विषय दिला आहे ‘आरोग्य’. ब्लडप्रेशर, शुगर आणि गुडघे यांवर इथला प्रत्येक जण माझ्यापेक्षा जास्त बोलू शकेल. म्हणून मी मनाच्या आरोग्यावर बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. ३६ वर्षं बँकेत काढली, आकडे वाचायची सवय आहे, तेवढ्याच भांडवलावर उभा आहे.

आपण दर सहा महिन्यांनी पाण्याची टाकी धुऊन घेतो. ज्याला जुलाब होतील त्यानं आपलं बघावं, असं कोणी म्हणत नाही. डेंग्यूच्या दिवसांत कुंडीखालच्या बशीत पाणी साचलंय का ते बघायला महापालिकेची माणसं येतात, आणि आपण दार उघडतो. याला सार्वजनिक आरोग्य म्हणतात. मन मात्र ज्याच्या त्याच्या फ्लॅटमधला खाजगी मामला!

आता आकडे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारांवाचून होते. आपल्या ८४ फ्लॅट्समध्ये अडीचशे प्रौढ धरा. या सरासरीनं २६ जण झाले. देशाची सरासरी एका सोसायटीला जशीच्या तशी लागू होत नाही हे मला कळतं. पण निम्मे धरले तरी १३. आपल्याला त्यातले किती माहीत आहेत?

माहीत होत नाहीत, कारण लपवावं लागतं. माझ्या एका सहकाऱ्यानं २००१ च्या सुमारास बँकेची स्वेच्छानिवृत्ती घेतली. वय ५२. सहा महिन्यांत माणूस बोलेनासा झाला. दाढी नाही, पेपर नाही, पहाटे तीनला उठून खुर्चीत बसायचा. लोक म्हणायचे, “पेन्शन चालू, मुलगी मार्गी लागली, याला काय धाड भरलीय?” वहिनी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायच्या आणि शेजारी सांगायच्या, पाठीच्या व्यायामाला जातो. गोळ्या आणि बोलणं, दोन्हींनी तो सावरला. २०१९ मध्ये पुन्हा त्रास झाला, नऊ दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. विमा कंपनीनं क्लेम नाकारला, का तर म्हणे मानसिक आजार पॉलिसीत बसत नाही. मी म्हटलं, “वहिनी, कागद माझ्याकडे द्या.” २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम २१(४) स्पष्ट सांगतं की शारीरिक आजाराला ज्या आधारावर विमा, त्याच आधारावर मानसिक आजारालाही. तीन पत्रं लिहिली, चौथ्या महिन्यात पैसे आले. कलमाचा आकडा लिहून ठेवा, कधी कोणाला लागेल सांगता येत नाही.

आता जरा लांबची गोष्ट. झिम्बाब्वे देशात मानसोपचारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके. तिथले डॉ. डिक्सन चिबांडा यांची एक तरुण पेशंट दवाखान्यापर्यंत यायला बसभाडं नाही म्हणून येऊ शकली नाही आणि तिनं जीव दिला. त्यानंतर २००६ मध्ये चिबांडांनी हरारे शहरात १४ आज्यांना हाताशी धरलं. दवाखान्याच्या आवारात एक बाक आणि बाकावर आजी. आजी आधी ऐकून घ्यायची, मग अनेक अडचणींतली एकच निवडायला लावायची आणि पुढच्या खेपेपर्यंत काय करता येईल ते त्याच माणसाकडून काढून घ्यायची. प्रकृती गंभीर दिसली तर वरच्या डॉक्टरांकडे. तिथल्या शोना भाषेत या दुखण्याला ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. आपल्याकडे नाही का म्हणत, “विचार करून करून डोकं फुटायची वेळ आली”! २०१६ मध्ये या कामाची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी नेहमीचे उपचार मिळालेल्यांत सुमारे ५० टक्के लोकांना नैराश्याची लक्षणं होती, बाकावर बसलेल्यांत सुमारे १४ टक्के.

आणि एवढ्या लांब कशाला, शेजारी गोव्यात ‘संगत’ या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून समुपदेशनाला बसवलं. तिथेही गुण आला. मात्र ‘शिकवून’ हा शब्द सोडू नका. आपण सगळे सल्ला द्यायला फार उत्सुक असतो. “मन रमव, देवाचं कर, फिरून ये.” हे ऐकूनच माणूस आणखी दार लावून घेतो.

आपल्याकडे दुपारी दोन ते पाच बाक रिकामे असतात आणि वर एकेका फ्लॅटमध्ये एकेक आजी-आजोबा टीव्हीसमोर. मुलं पुण्याबाहेर नाहीतर देशाबाहेर. दहावी-बारावीच्या निकालाच्या आठवड्यात लिफ्टमध्ये “किती टक्के?” हा प्रश्न विचारायचा नाही, असा ठराव कमिटीनं करावा अशी माझी सूचना आहे. हसू नका, मी लेखी दिली आहे. आणि रात्रपाळीचा वॉचमन. बायको-मुलं हजार किलोमीटरवर, दिवसा पत्र्याच्या खोलीत झोप. सोसायटीच्या आरोग्यात तो धरायचा की नाही?

कोणी “जगून काय करू” असं बोललं, तर ते नाटक समजू नका. जवळ बसा, जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का असं सरळ विचारा. विचारल्यानं डोक्यात नवं काही भरत नाही. त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेली-मानस सेवा आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतूनही बोलतात. सेक्रेटरीसाहेबांनी हा नंबर तिन्ही विंगच्या लिफ्टमध्ये लावायचं कबूल केलं आहे. गॅस एजन्सीच्या नंबराच्या वर लावा, खाली नको.

येत्या शनिवारपासून दुपारी चार ते सहा मी बी विंगसमोरच्या बाकावर बसणार आहे. समुपदेशन वगैरे काही नाही, ते मला येत नाही. चहाचा थर्मास असेल, बिनसाखरेचाही. ज्यांना खाली उतरणं जमत नाही त्यांनी इंटरकॉम करावा, मी वर येईन.