शेजाऱ्याच्या खिशातले औषध



अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात केन्सिंग्टन नावाची एक वस्ती आहे. कामगार चळवळीचा इतिहास चाळणाऱ्यांना ते नाव ठाऊक असते. १९०३ साली तेथील कापडगिरण्यांतील कामगारांनी आठवड्याचे साठ तास पंचावन्नवर आणा म्हणून संप केला, आणि मदर जोन्स ही म्हातारी गिरण्यांत राबणाऱ्या पोरांचा मोर्चा घेऊन थेट अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या उन्हाळी बंगल्याकडे निघाली. पुढे गिरण्या गेल्या. त्या गेल्या की मागे काय उरते, हे गिरणगाव पाहिलेल्यांना सांगावयास नको. केन्सिंग्टनमध्ये हेरॉइनचा बाजार भरू लागला. नंतर त्याची जागा फेंटानिलने घेतली, जे हेरॉइनच्या सुमारे ५० पट तीव्र आहे. २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षी अमेरिकेत मादक द्रव्यांच्या अतिमात्रेने दर वर्षी एक लाखाहून अधिक माणसे मेली. त्यांतील बहुतेकांचा घास अफूच्या जातीच्या द्रव्यांनी घेतला.

हे मरण गाजावाजा करीत नाही. माणूस झोपल्यासारखा दिसतो, ओठ निळे पडतात, श्वास मंदावत थांबतो. प्राणवायू तुटला की चार-सहा मिनिटांत मेंदूची हानी सुरू होते. बरे, याला उतारा नाही असेही नाही. नॅलोक्सोन नावाचे औषध १९७१ पासून तेथे मान्य आहे. नाकात फवारा मारावा, दोन-तीन मिनिटांत श्वास परततो; ज्याने अफू घेतलेली नाही त्याला त्याचा अपाय नाही. २०२३ साली ते चिठ्ठीशिवाय विकण्यासही परवानगी मिळाली. म्हणजे उतारा आहे, पण रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटे कोणाची?

याच प्रश्नावर तेथील काही संशोधकांनी २०१९-२०मध्ये वर्षभर एक प्रयोग केला. युनिटीफिली नावाचे स्मार्टफोनचे अॅप. कोणी कोसळलेला दिसला की बटण दाबावे. आसपासच्या स्वयंसेवकांच्या फोनवर वर्दी जाते, आणि ज्याच्या खिशात नॅलोक्सोन आहे तो धावतो. नाव नोंदविणारे ११२ जण होते. वर्षभरात २९१ वेळा वर्दी गेली. त्यांपैकी ८९ वेळा ती खोटी ठरली. उरलेल्या २०२ प्रसंगांपैकी ७४ वेळा साध्या माणसांनी औषध दिले, आणि ७१ वेळा माणूस शुद्धीवर आला. औषध दिलेल्या दर दहांपैकी जवळजवळ सहा प्रसंगी ते रुग्णवाहिकेच्या निदान पाच मिनिटे आधी मिळाले होते.

आता आम्हांला या आकड्यांत जे मोलाचे वाटते ते सांगतो. ते ११२ जण कोण होते? त्यांच्यातले निम्मे लोक स्वतः नशा करणारे होते! ज्यांना पाहून सभ्य लोक रस्ता ओलांडतात, त्यांच्याच हाती वस्तीने पहारा दिला, आणि त्यांनी तो केला. आम्ही गेटवर मीटिंगा घेण्यात आयुष्य घालविले आहे. यादीवर नाव घालणे आणि वेळेला माणूस येणे यांत किती अंतर असते ते आम्ही जाणतो. फोन हा नुसता भोंगा आहे. भोंगा वाजल्यावर उठून जाणारा माणूस आधी जोडावा लागतो, त्याला औषध द्यावे लागते, ते कसे वापरावे हे शिकवावे लागते. शिवाय पोलिसांची धास्ती असते. पेनसिल्व्हेनिया राज्याने २०१४ साली कायदा करून मदतीला धावणाऱ्यास बरेचसे संरक्षण दिले, तरी कायदा झाला म्हणून भीती लगेच जात नाही.

आणि शुद्धीवर आलेला माणूस आभार मानीलच असे नाही. नशा एकदम उतरल्याने त्याला मळमळते, तो चिडतो, कधी शिव्याही देतो. तरी त्याला सोडून जाता येत नाही, कारण औषधाचा अंमल अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि श्वास पुन्हा बंद पडू शकतो. म्हणजे धावणाऱ्याला बसूनही राहावे लागते. हे काम बिनपगारी.

या अॅपची मर्यादाही उघड आहे. बंद दाराआड एकटाच सुई टोचून घेणाऱ्यासाठी बटण कोण दाबणार? त्यासाठी अमेरिकेत २०१९ पासून दूरध्वनीची एक सेवा चालते. नशा करण्यापूर्वी फोन लावायचा, आपला पत्ता सांगायचा. पलीकडचा माणूस बोलत राहतो, आणि इकडून उत्तर येईनासे झाले की त्या पत्त्यावर मदत पाठवितो.