निरोगी उंदराचे रक्त



रक्ततपासणीच्या कागदावर ‘एस.जी.पी.टी.’ या नावापुढे आपला आकडा असतो आणि शेजारी ‘सामान्य मर्यादा’ छापलेली असते. आपली नजर खिळते ती आपल्या आकड्यावर. आम्ही आज बोलणार आहोत ते त्या मर्यादेविषयी, आणि तीही प्रयोगशाळेतल्या मुक्या जनावरांच्या.

विकरे, म्हणजे एन्झाइम्स, ही पेशींच्या आत राबणारी प्रथिने. पेशीला इजा झाली की ती रक्तद्रवात उतरतात. हृदयविकाराच्या झटक्यानंतर अशा एका विकराची पातळी चढते, हे १९५४ साली लाड्यू, व्रोब्लेव्स्की आणि कारमेन यांनी दाखविले. नवे औषध माणसाला देण्यापूर्वी ते यकृताला बाधते काय, हे जनावरांच्या रक्तात याच रीतीने पाहतात.

पण पातळी ‘चढली’ असे म्हणावयाचे, तर मूळची किती हे ठाऊक हवे. आणि तेच अवघड आहे. पांढरा उंदीर पकडताना धडपडला, तर त्याच्या स्नायूंतील क्रिएटिन कायनेज रक्तात वाढते. तांबड्या पेशी सुईत फुटल्या, तर त्यांच्यातील विकरे बाहेर येतात. उपाशी उंदरात अल्कलाइन फॉस्फेटेज उतरते. वाढत्या वयाच्या पिल्लात हाडांमुळे ते अधिक असते. रक्त गोठू नये म्हणून नळीत ईडीटीए घातले, तर ते धातूंचे अणू बांधून ठेवते व हे विकर लुळे पडते. तेथे हेपरिनच वापरावे लागते. शिवाय कुत्र्याच्या यकृताची खबर देणारे एस.जी.पी.टी. घोड्याच्या बाबतीत फारसे कामाचे नाही, कारण त्याच्या यकृतात ते मुळातच थोडे.

मर्यादा ठरविताना निरोगी जनावरांपैकी मधली ९५ टक्के धरतात. म्हणजे निरोगी जनावराच्या वीस चाचण्या केल्या, तर सरासरीने एक तरी बाहेर पडायचीच! म्हणून औषध न दिलेला, एकाच जातीचा, वयाचा व आहाराचा गट प्रत्येक प्रयोगात शेजारी ठेवावा लागतो.

यात दोन जिवांचा प्रश्न आहे. ‘सामान्य’ पातळी चुकून फुगीर धरली गेली, तर यकृताला जाळणारे औषध निर्दोष ठरून रोग्याच्या हाती पडेल. आणि मोजणी ढिसाळ असली, आकडे विखुरले, तर तोच निर्णय घ्यावयास अधिक जनावरे खर्ची पडतील. रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली सांगितले, की जमेल तेथे जनावरांना पर्याय शोधावा, त्यांची संख्या घटवावी, यातना कमी कराव्यात. हळुवार हाताने धरलेला उंदीर खरा आकडा देतो. येथे दया आणि अचूकपणा यांची वाट एकच आहे.