बालकांची त्वचा, ऊन आणि मलमे
(केंद्र संमेलनात शिक्षकांपुढे केलेले भाषण)



उन्हाळा जवळ आला की उन्हापासून बचाव करणाऱ्या मलमांच्या नळ्या आता तालुक्याच्या बाजारातही दिसू लागतात. ‘हे तान्ह्या बाळाला लावले तर चालेल काय?’ असे एखादी माता शाळेच्या दारी येऊन आपणांस विचारते. गावात शिक्षकाच्या शब्दाला मान असतो. म्हणून या प्रश्नाचे उत्तर भीतीपोटी अथवा जाहिरातीच्या भरवशावर न देता समजून-उमजून दिले पाहिजे.

या मलमांचे दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गात झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड ही खनिज द्रव्ये असतात. पहिले द्रव्य पुरळावर लावण्याच्या कॅलामाइनमध्ये असते, दुसरे भिंतीच्या पांढऱ्या रंगात. यांचे कण बहुतांशी त्वचेच्या पृष्ठभागावरच राहतात. दुसऱ्या वर्गात ऑक्सिबेन्झोन, एव्होबेन्झोन, ऑक्टोक्रिलीन यांसारखी रसायने येतात. शंका उत्पन्न झाली आहे ती या दुसऱ्या वर्गाविषयी.

२०१९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील शास्त्रज्ञांनी २४ निरोगी प्रौढांच्या पाऊण अंगावर अशी मलमे दिवसातून ४ वेळा, ४ दिवस लावून पाहिली. पहिल्याच दिवशी ही रसायने रक्तात उतरली व त्यांचे प्रमाण एका मिलिलिटरमागे अर्ध्या नॅनोग्रामहून अधिक भरले. नॅनोग्राम म्हणजे ग्रामचा अब्जांश. हे प्रमाण म्हणजे विषाची मर्यादा नव्हे. ते ओलांडल्यास द्रव्याची अधिक कसून परीक्षा व्हावी, एवढाच त्याचा अर्थ. रक्तात सापडले म्हणजे अपाय सिद्ध झाला, असे होत नाही. मलमे वापरूच नयेत असा निष्कर्ष खुद्द त्या शास्त्रज्ञांनीही काढला नाही. त्याच वर्षी या प्रशासनाने १६ द्रव्यांविषयी प्रस्ताव मांडला. त्यात सुरक्षित म्हणून केवळ वरील दोन खनिज द्रव्ये गणली. दोन द्रव्ये नाकारली आणि उरलेल्या १२ द्रव्यांविषयी अधिक पुरावा मागितला. युरोपीय संघाने २०२२ साली सर्वांगास लावावयाच्या मलमांतील ऑक्सिबेन्झोनचे प्रमाण शेकडा २.२ पर्यंत खाली आणले.

आता बालकाकडे वळू. वरील प्रयोग प्रौढांवर झाला. नवजात बालकाच्या त्वचेचे क्षेत्रफळ, वजनाच्या मानाने पाहता, प्रौढाच्या दुपटीहून अधिक असते. शिवाय त्याची त्वचा नाजूक असते. म्हणजे तेवढेच मलम त्याला अधिक पडते. म्हणून सहा महिन्यांच्या आतील बाळास मलम लावण्यापेक्षा सावलीत ठेवावे, अंगभर सुती, सैल कपडे व टोपडे घालावे, हाच सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला आहे. त्याहून मोठ्या मुलास मलम लावणे आवश्यकच वाटले तर खनिज द्रव्याचे निवडावे व उघड्या राहणाऱ्या भागासच लावावे. फवाऱ्याचे मलम टाळावे, कारण त्याचे तुषार श्वासाबरोबर आत जातात.

मात्र एक गोष्ट विसरू नये. मलम ऊन लागण्यापासून, म्हणजे उष्माघातापासून, वाचवीत नाही. त्यावर उपाय सावली आणि पाणी हाच. ज्या घरी नळी विकत घेण्याची ऐपत नाही, त्या मातेस आपण काही उणे ठेवीत आहोत असे वाटू देऊ नका. तिचा पदर आणि निंबाची सावली ही बाळासाठी मलमापेक्षा सरस आहेत.

तथापि काही मुलांस मलम ही चैन नसून गरज असते. जन्मतःच रंगद्रव्याचा अभाव असलेले, पांढऱ्या केसांचे बालक आपल्या वर्गात असेल, तर त्याची त्वचा थोड्या उन्हानेही भाजते व पुढे कर्करोगाचा धोका राहतो. ‘मलमे वाईट’ असे सरसकट सांगून अशा मुलाचे संरक्षण आपण काढून घेऊ नये. त्याच्या पालकांस डॉक्टरांकडे पाठवावे, त्याला टोपी व पूर्ण बाह्यांचा सदरा घालू द्यावा आणि त्याची दृष्टी बहुधा अधू असते म्हणून पुढच्या ओळीत बसवावे.

शेवटी, जे सर्वस्वी आपल्या हाती आहे ते करू या. प्रार्थना व कवायत सकाळी लवकर किंवा झाडाखाली घ्यावी. मुलांस एक सोपा प्रयोग शिकवावा: मैदानात उभे राहून आपली सावली पाहा. ती आपल्या उंचीहून आखूड असेल, तर ऊन प्रखर आहे, सावलीत चला. हे मुलांस एकदा उमगले की धाकट्या भावंडांस दुपारी उन्हात न नेण्याची गोष्ट ती आपण होऊन घरी सांगतील.