दहावीनंतरची बारा वर्षं, थोडक्यात

आजचा एपिसोड आमच्या २०१३च्या दहावीच्या बॅचसाठी. ग्रुपवर सगळे विचारतात, "काय चाललंय रे?" तर ऐका.

अकरावी-बारावी लातूर पॅटर्न, मग पुण्यात बीटेक, २०१९ला हिंजवडीत नोकरी. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये बाबा गेले. अंत्यविधीला २० जणांचीच परवानगी होती, त्यामुळे तुम्हा कुणाला कळवलं नाही. नंतर ग्रुपवर पगार, गाड्या, लग्नांचे फोटो. त्यात हे कुठं सांगणार? आता आई माझ्याकडेच असते. फ्लॅटचा हप्ता चालू आहे, लग्न अजून नाही. बरं चाललंय.

ग्रुपवर जे गप्प असतात ना, त्यांनी फोन करा. पगार विचारणार नाही. घरचे कसे आहेत, तेवढं सांगा. चला, भेटू पुढच्या एपिसोडला!